मागच्या सीटवरचा पाहुणा

नाक्यावरच्या कप्तानाने अट घातली : लसीची गाडी पलीकडच्या गावात जाऊ देतो, पण माझा माणूस बरोबर बसेल. गाडीतल्या सिस्टरने शहरात संस्थेच्या डॉक्टरांना फोन लावला. गाडीत कुठल्याच बाजूचा सैनिक घ्यायचा नाही, हा संस्थेचा पहिला नियम.

"तिथे तू आहेस, तूच ठरव," म्हणून डॉक्टरांनी हात झटकले.

गावात गोवराने दोन मुलं गेली होती. सिस्टरने गाडीचं मागचं दार उघडलं.

"बंदूक तेवढी इथेच राहू द्या, पाहुणे," ड्रायव्हरमामा म्हणाले. पाहुणा हसला, बंदूक ठेवून आला. वर्दी अंगावरच होती.

शाळेच्या खोलीत सिस्टरने टेबल मांडलं आणि ती वाट पाहत बसली. एरवी गाडीचा आवाज आला की पोरं धावत यायची. आज चिटपाखरू नव्हतं. समोरचं दार किलकिलं झालं, पायरीवरचा पाहुणा दिसताच पुन्हा लागलं. लसीच्या डब्यातल्या बर्फाचं पाणी होत चाललं होतं.

"मी आणू बोलावून?" पाहुण्याने अगदी अदबीने विचारलं.

त्याचं बोलावणं कसं असतं, हे साऱ्या मुलखाला ठाऊक होतं. मामांनी मानेनेच नको म्हटलं. सिस्टरने डब्यात बोट घालून पाहिलं.

"आणा," ती म्हणाली.

एवढी सरळ रांग तिने जन्मात पाहिली नव्हती. ढकलाढकली नाही, भोकाड नाही. "मुंगी चावली, मुंगी!" हे तिचं नेहमीचं बोलणंही हवेतच विरलं. शेवटी आजी नातवाला घेऊन आल्या. दर खेपेला त्या सिस्टरच्या लग्नाची चौकशी करायच्या.

"काय आजी, आज स्थळ नाही आणलंत?"

"आज तुम्हीच माणूस घेऊन आलात की," म्हणत आजींनी नातवाची बाही वर केली.

एकही मूल राहिलं नाही. सुईनंतर थोडा वेळ तिथेच बसायचं असतं, कुणाला त्रास झाला तर कळावं म्हणून. एरवी हे पटवताना सिस्टरच्या तोंडाला फेस यायचा. घरी काम पडलंय म्हणून बायका हुज्जत घालायच्या. आज ती नुसतं "बसा" म्हणाली आणि सगळ्या जमिनीवर बसल्या. बाकावर तिच्या शेजारची जागा रिकामीच राहिली.

डॉक्टरांचा फोन आला. "सगळी मुलं? शाबास! कसं जमवलंस?"

"आली," एवढंच ती म्हणाली.

तेवढा वेळ झाला. मुलं ठीक होती.

"आता गेलात तरी चालेल."

कुणी हललं नाही. ऐकू गेलं नसेल म्हणून ती पुन्हा, मोठ्याने म्हणाली. बायका दाराकडे पाहत होत्या. तिथे पाहुणा उभा होता. त्याने मान हलवली, तेव्हा त्या उठल्या.