बाईंचा पहिला प्रश्न

उत्पलानं तव्यावरची भाकरी उलटली आणि आईकडं न बघताच सांगून टाकलं.

"माय, आज तू सभेत काही इचारू नको."

पंचफुलाबाई दाराशी उजेडाला बसून चष्मा पुसत होत्या. त्या पुसतच राहिल्या.

"काऊन?"

"तू इचारलं का माणूस घाबरते."

"कोन घाबरते?"

उत्पलानं भाकरी टोपल्यात टाकली, पुढचा गोळा हातात घेतला आणि "मी," म्हणाली.

पंचफुलाबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, लेकीला एकदा नीट पाहिलं आणि "बरं" म्हणाल्या. बस, एवढंच. कुणाचं इतक्या सहजी ऐकणारी ही बाई नव्हे. मुधोळकडच्या मराठी शाळेत उभा जन्म शिकवण्यात गेला, तिथं इन्स्पेक्टर आला तरी आधी त्यालाच चार गोष्टी विचारून मग खुर्ची देणारी. त्यामुळं उत्पलाला हायसं वाटायचं ते राहिलंच, उलट थोडी धास्ती वाटली. पण शब्द मिळाला होता, आणि आईचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. ती भाकरी थापायला लागली.

इचोड्याच्या अलीकडं, तेलुगू मुलखातून नागपूरला जाणाऱ्या सडकेला लागून, कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र होतं. उत्पला तिथं दोन-तीन पावसाळ्यांपासून संशोधक म्हणून नोकरीला होती. केंद्रात दर महिन्याला एका शनिवारी सगळ्यांसाठी खुलं व्याख्यान असायचं. हैदराबादहून कुणी मोठा माणूस यायचा, तेलुगूत नाहीतर इंग्रजीत बोलायचा, आणि प्रयोगशाळेतला खुशाल नावाचा मदतनीस बाजूला उभा राहून ते मराठीत सांगायचा. पहिल्या वर्षी हे सगळं रिकाम्या खुर्च्यांना ऐकवलं जायचं. शेतकऱ्यांना वाटे, सरकारी साहेब बोलणार, आपण मान हलवणार, त्यासाठी बैल सोडून कोण जातं?

मग पंचफुलाबाई आपली वस्ती घेऊन आल्या. भाषण ऐकणं हे त्या बौद्ध वस्तीच्या रक्तातच होतं. जयंतीला भर उन्हात मांडवात बसून चार-चार वक्ते ऐकायचे आणि घरी जाऊन जेवताना कुणाचं कुठं घसरलं ते सांगायचं, ही तिथल्या पोरासोरांचीही सवय. बायका पांढऱ्या साड्या नेसून आल्या, पुढच्या रांगा भरल्या, आणि माती, अळ्या, ढग, जे काय असेल ते त्यांनी जयंतीच्या भाषणासारखं मन लावून ऐकलं. वस्ती जाते म्हटल्यावर गावातले कास्तकारही यायला लागले. आपण मागं राहिलो असं कुणाला वाटून घ्यायचंय?

पहिला प्रश्न पंचफुलाबाईंचा असायचा. तसा नियम कुणी केला नव्हता. त्यांनी पहिल्या सभेत पहिला प्रश्न विचारला, दुसऱ्या सभेतही विचारला, आणि पंगतीत वडीलधाऱ्यानं घास घेतल्याशिवाय जसं कुणी ताटाला हात लावत नाही, तसं होऊन बसलं. आधी बाई, मग बाकीचे. त्यांचे प्रश्न सोपे नसायचे. एका कीटकतज्ज्ञाला त्यांनी विचारलं होतं, की तुम्ही सांगता ही फवारणी, ती पाठीवर पंप घेऊन तुम्ही कधी केली का? तो भला माणूस होता. हसला, नाही म्हणाला, आणि दुपारी पंप पाठीवर घेऊन केंद्राच्या रानात उतरला. तेव्हापासून हैदराबादचे लोक गाडीतून उतरतानाच विचारत, त्या बाई आल्यात ना?

केंद्राचे प्रमुख नरसिंहलू सर यावर बेहद्द खूश होते. त्यांनी एक शिरस्ताच पाडला. केंद्रातलं कुठलंही काम हैदराबादच्या वार्षिक चर्चासत्राला पाठवायचं, तर ते आधी इथल्या लोकांपुढं मांडायचं, आणि लोकांनी त्यावर प्रश्न विचारायला हवेत. आपल्या दारातल्या माणसाला ज्यात विचारण्यासारखं काही सापडलं नाही, ते दूरच्या माणसाला कशाला ऐकवायचं, असं त्यांचं म्हणणं. प्रश्न आले नाहीत तर काम फायलीत, पुन्हा पुढच्या वर्षी बघू.

आज पाळी उत्पलाची होती. तिचं स्वतःचं असं हे पहिलंच काम. ते हैदराबादला जावं म्हणून तिनं पावसाळ्यामागून पावसाळे चिखल तुडवला होता. आई गप्प बसली तर बाकीचे कुणी ना कुणी विचारतीलच, असं तिला वाटलं. अमृतरावांच्या शेतावर तर तिनं प्रयोगच केले होते, ते काय बोलल्याशिवाय राहतात? इथंच तिचं चुकलं, पण ते कळायला अजून वेळ होता.

सभागृह भरलं. उत्पलानं माईक आपल्या उंचीला आणला आणि सरळ मराठीत सुरुवात केली. या सभागृहात असं पहिल्यांदाच होत होतं, आणि खुशालची मोठी पंचाईत झाली. इतकी वर्षं तो साहेबांचं लोकांना सांगत आला होता. आता लोकांचं साहेबाला सांगायचं होतं. त्यानं खुर्ची ओढून नरसिंहलू सरांच्या कानाशी लावली आणि हळू आवाजात तेलुगू सुरू केलं. मागच्या बायकांनी एकमेकींना कोपरं मारली.

उत्पला चांगलं बोलली, खरंच चांगलं. कपाशी गुडघ्याला लागली, की डवऱ्याला, म्हणजे तण काढायच्या कोळप्याला, दोरी गुंडाळून तो तासातून, दोन ओळींच्या मधून ओढायचा, म्हणजे सरी पडते. पुढचा पाऊस त्या सरीत थांबतो, मुरतो, आणि पावसानं ताण दिला तरी कपाशी पातं, म्हणजे बोंडाआधीची कळी, गाळत नाही. नवं अवजार नको, जादा बैल नको, घरातली दोरी पुरे. तिनं तक्ते दाखवले, मातीतली ओल कशी मोजली ते सांगितलं. एकदाही अडखळली नाही. सभागृहात लोक माना डोलवत होते, आणि या लोकांच्या माना उगाच डोलत नाहीत. पहिल्या रांगेत पंचफुलाबाई मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या, नजर लेकीवरून हलली नाही.

भाषण संपलं. टाळ्या झाल्या. नरसिंहलू सरांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाले, आता प्रश्न.

कुणीच बोललं नाही.

उत्पलानं अमृतरावांकडं पाहिलं. अमृतरावांनी पंचफुलाबाईंकडं पाहिलं. त्यांना विचारायचं होतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं, पण ते फेटा सारखा करून म्हणाले, आधी बाईंचं होऊ द्या. मागून दोघा-तिघांनी हाच सूर लावला. पंचफुलाबाईंनी मान हलवून नाही म्हटलं.

आता मात्र पेच पडला. बाईंना विचारायचं नाही म्हणजे काय? बाईंनाच यात काही सापडलं नाही, तर आपण काय विचारणार? आणि बाईंच्या आधी तोंड उघडायचं म्हणजे बाईंचा मान मोडायचा, तोही त्यांच्या लेकीच्या सभेत. लोक चुळबुळायला लागले. मागून कुणीतरी पुटपुटलं, आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. ते पुढच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू आलं. पंचफुलाबाईंनी ओठ घट्ट मिटले. शब्द दिलेला होता.

नरसिंहलू सरांनी थोडी वाट पाहिली. मग पेनाचं टोपण हातात घेतलं.

उत्पलाचे कान तापले. पहिल्यांदा तिला आईचा राग आला, मग स्वतःचा. लोकांना गप्प बसवलं होतं ते तिनंच. आणि का बसवलं होतं? आई कुठं बोट ठेवील ते तिला पक्कं ठाऊक होतं म्हणून. ती पुन्हा माईकजवळ आली.

"बाई आज विचारणार नाहीत," ती म्हणाली. "मीच त्यांना सकाळी नको म्हटलंय. मला भीती वाटत होती. पण त्यांनी काय विचारलं असतं ते मला माहीत आहे, ते मीच विचारते. सगळे प्रयोग काळ्या रानात केले. केंद्राच्या काळ्या रानात आणि अमृतरावांच्या काळ्या रानात. बरडावर किती केले?"

वस्तीतल्या बायका खुर्च्यांत पुढं सरकल्या.

"एकही नाही," उत्पला म्हणाली. "काळ्या रानात आकडे सरळ येतात, म्हणून मी तिथंच राहिले. बरड उथळ. खाली मुरूम. तिथं सरीतलं पाणी थांबेल की खाली निघून जाईल, मला माहीत नाही. माझ्या बापाचं शेत बरड आहे. आमच्या वस्तीत ज्याच्याकडं जमीन आहे, त्याची बरडच आहे. तरी मी तिकडं गेले नाही. हे माझ्या कामातलं भोक आहे. पुढच्या पावसाळ्यात ते बुजवीन, आणि इथंच येऊन सांगेन, लागू पडलं तरी आणि नाही पडलं तरी."

बोलून झाल्यावर तिला हलकं वाटलं. आवाज कुठं कापला नव्हता याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

खुशालनं ते सरांच्या कानात पोचवेपर्यंत अमृतराव उभे राहिले होते. पहिला प्रश्न पडला होता, वाट मोकळी झाली होती. त्यांनी विचारलं, पाऊस फार झाला तर ह्याच सऱ्या कपाशीला बुडवणार नाहीत का? मग एका म्हाताऱ्यानं विचारलं, ज्वारीला चालते का? मग वस्तीतल्या गयाबाई उठल्या. त्यांचा प्रश्न नव्हताच. त्या म्हणाल्या, माहं बरड घे पोरी, पन दोरी तुह्या घरची आन. लोक हसले, उत्पलाही हसली, आणि मग कोण आधी बोलतं याची चढाओढ लागली. उत्पला एकेकाला उत्तर देत गेली. जिथं उत्तर नव्हतं तिथं तसं सांगत गेली. नरसिंहलू सर लिहीत राहिले. शेवटी ते उठून तिच्यापाशी आले आणि आपल्या मोडक्या मराठीत म्हणाले, तू हैदराबादला जाते, पण हे बरडचं तिथं पण सांगायचं, लपवायचं नाही. उत्पला म्हणाली, लपवायला आता ठेवलंय काय?

सभा सुटली. मायलेकी सडकेवर बसची वाट बघत कडुनिंबाखाली उभ्या राहिल्या. ट्रक धुरळा उडवत जात होते. तक्त्यांची गुंडाळी उत्पलाच्या काखेत होती. ती इतकी खुशीत होती, की तिला गप्प राहवेना.

"माय, तू हेच इचारनार होती ना? बरडाचं?"

पंचफुलाबाईंनी पदरानं चष्मा पुसायला घेतला.

"सांग ना. मी बरोबर वळखलं का नाही?"

"मी काही इचारनार नव्हती."

"मी मना केलं म्हनून. पन मना केलं नसतं तर?"

"तरी बी नाही." पंचफुलाबाई सडकेकडं बघत होत्या. "मी ऐकलंच नाही, उत्पला. तू उभी राह्यली, तो माईक खाली घेतला, अन् मंग मी तुले नुसती पाहूनच राह्यली. लोक माना हालवत तवा मी बी हालवली. सरी काय अन् ओल काय, एक शबुद कानात शिरला नाही. इतके लोक आले, इतक्याईले मी ऐकलं. तुलेच नाही ऐकलं."

त्यांना याची लाज वाटत होती. सबंध तालुक्याला ऐकायला शिकवलेली बाई. उत्पलाला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. ज्या प्रश्नाच्या भीतीनं तिला रात्रभर झोप नव्हती, तो कुणाच्या मनातही नव्हता. तो पहिल्यापासून तिचाच होता.

मग पंचफुलाबाईंनी चष्मा चढवला, नाक पुसलं आणि मैलाच्या दगडावर पदर सावरून बसल्या.

"बशीले टाइम हाय," त्या म्हणाल्या. "आता सांग. पह्यल्यापासून."

"इथं? सडकेवर?"

"सांग म्हन्ते ना."

उत्पलानं तक्ते उलगडून धुळीतच पसरले, कोपऱ्यावर दगड ठेवले आणि माईकपुढं उभी राहिली होती तशीच आईपुढं उभी राहिली. कपाशी गुडघ्याला लागली, की डवऱ्याला दोरी गुंडाळायची, ती म्हणाली. म्हणजे तासात सरी पडते.

दुसऱ्याच वाक्याला पंचफुलाबाईंनी हात वर केला.