पुजलेली चौकट

मी एक जुनी चौकट आहे. फणसाच्या लाकडाची, चार फूट रुंद आणि सात फूट उंच. तुम्ही दिवसातून दहा वेळा माझ्यासारख्या एखादीतून आत-बाहेर करता, पण तिच्याकडे बघत नाही. ठेच लागली तर तेवढं उंबऱ्याच्या नावाने ओरडता. मित्रांनो, त्याचा मला राग नाही. पण माझ्या नशिबी चार महिने असे आले, की सगळी गल्ली माझ्याकडेच बघत होती आणि मला तोंड लपवायला जागा नव्हती. तीच गोष्ट मला सांगायची आहे.

माझा जन्म कोयनानगरच्या अलीकडच्या डोंगरातला. तिथल्या एका फणसाची मुळं ओढ्यात उतरली होती. तो ओढा कोयनेला मिळे आणि कोयना पुढे कऱ्हाडात कृष्णेला. झाड वठल्यावर ते वखारीत आलं, आणि सांगलीच्या बाजूच्या एका नदीकाठच्या गावात सुताराने मला घडवलं. माथ्यावर मधोमध त्याने एक कलश कोरला. कलशाची एक बाजू जरा जाड झाली आहे, पण ते फक्त त्याला आणि मला माहीत.

वर्धमानदादांच्या वडिलांनी मला आपल्या घराला बसवलं. पद्मावतीअक्का दादांची नवी नवरी होऊन माप ओलांडून आली ती माझ्यातून. तिची लेक भाग्यश्री माझा खांब धरून उभी राहायला शिकली. ऊस कारखान्यावर पोचवून आलेले गडी बाहेर टेकून बसायचे तेव्हा म्हणायचे, "दादा, चौकट लय नामी हाय." दुसऱ्या दिवशी दादांकडून मला तेलाचा हात मिळायचा.

मग मोठ्या पुराचं साल आलं. पाणी आधी उंबऱ्याशी थांबलं, मग आत आलं आणि चढतच गेलं. ज्या पाण्यावर माझं झाड वाढलं, तेच हे पाणी. ओळखीचं असून त्याने ओळख दाखवली नाही. गल्लीतल्या नानासोंचं गुऱ्हाळ होतं. त्यांनी गूळ उकळायची धाकटी काहील पाण्यात सोडली, तिला दोर बांधला, आणि भाग्यश्रीला तिच्यात बसवून माझ्यातून बाहेर काढलं. पोर शाळेचं दप्तर छातीशी धरून बसली होती. पद्मावतीअक्का गळ्याएवढ्या पाण्यातून काहील ढकलत होती. आठ दिवसांनी पाणी उतरलं तेव्हा माझ्या दोन्ही खांबांवर, उंबऱ्यापासून साडेतीन फुटांवर, एक काळपट रेघ उमटली होती. दादांनी ती घासली, अक्कानेही घासली. ती गेली नाही.

मातीच्या भिंती पाण्याने बसल्या होत्या. पाच-सहा वर्षं डागडुजी करून कसंबसं भागवलं, आणि शेवटी घर पाडून नवं बांधायचं ठरलं. मला काढून गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलं. माणसंही गोठ्याशेजारी पत्रे ठोकून राहायला गेली.

ठेकेदार म्हणून आले रविराज. गावातलेच, दादांच्या धाकट्या भावाचे शाळेतले सोबती. लहानपणी याच घरात जेवलेले. मित्रांनो, खरा घोळ इथेच होता. परक्या ठेकेदाराशी माणूस मोकळेपणी भांडतो. घरच्या माणसाशी बोलताना जीभ अडखळते.

तीन दिवस घासाघीस चालली. वर्धमानदादांचा सगळा जोर दरावर. चौरस फुटाला अठराशेवरून साडेसोळाशेवर आणलं तेव्हा त्यांना कुस्ती मारल्यासारखं वाटलं. रविराजांनीही फार ताणलं नाही. ते चहा पीत राहिले आणि म्हणाले, "दादा, तुमच्या शब्दाभाईर न्हाई मी."

पद्मावतीअक्काने दराबद्दल काही विचारलं नाही. तिने विचारलं, "भाऊजी, जोतं किती उंच घालताय?"

"अडीच फूट घालू की वैनी. समद्या गावात अडीचच हाय."

अक्का उठली आणि त्यांना माझ्यापाशी घेऊन आली. रेघेवर बोट ठेवून म्हणाली, "जुनं जोतं एक फूट. त्याच्यावर हितवर पाणी. साडेचार फूट झालं. माझा उंबरा पाच फुटावर पायजे."

"घालू की. त्यात काय."

"ह्याच दरात?"

"आवं वैनी, घरातल्या माणसासंगं असं बोलताय व्हय?"

त्या एका वाक्याने अक्काचं तोंड बंद झालं. दादांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की तिलाच ओशाळल्यासारखं झालं. कागद करायचा विषय निघणार होता, तो निघालाच नाही. मी भिंतीला टेकून सगळं ऐकत होते. लाकडाला बोलता येत नाही, याचं त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

चौकट बसवायचा मुहूर्त धरला होता अक्षय्य तृतीयेचा. जैन घरात या दिवसाचं मोल मोठं, पहिल्या तीर्थंकरांचा उपवास याच दिवशी उसाच्या रसाने सुटला. पहाटेच उसाचा रस काढून आणला होता, उपाध्ये काका पूजेचं ताट मांडून बसले होते, पाहुणे आले होते. आणि जोतं झालं होतं अडीच फूट.

"भाऊजी, हे तर निम्मंच हाय," अक्का हळूच म्हणाली.

"मुहूर्त कशाला घालवताय वैनी? आज चौकट उभी करून पुजून घेऊ. वरचं अडीच फूट मागनं बांधू. चौकट उचलाय कितीसा येळ लागतोय?"

अक्का गप्प बसली. ही चूक तिचीही, ते तिने पुढे स्वतःच बोलून दाखवलं. मला उभं केलं, ओळंबा लावला, दोन्ही अंगांना टेकू ठोकले. हळदी-कुंकू लागलं, आंब्याचा डहाळा बांधला. गवंड्यांना टॉवेल-टोपी मिळाली. किती वर्षांनी मी पुन्हा चौकट झाले, म्हणून मीही खुशीत होते. मूर्खच मी.

आठ दिवसांनी अक्काने वरच्या जोत्याची आठवण करून दिली. रविराजांनी कानाच्या पाळ्यांना हात लावला.

"वैनी, पुजलेली चौकट हलवत न्हाईत. घराला लागतंय त्ये. मी तर हात लावायचा न्हाई, आन माझ्या गवंड्यास्नी पण लावू द्यायचा न्हाई."

"तुमीच म्हनला हुता, मागनं उचलू."

"बोलन्याच्या भरात म्हनलो आसंल. आता हितनंच भिंती धरू. न्हाईतर समदं जोतं फोडून नवं धरायचं, तवा दर पण नवा, करार पण नवा."

दादांनी आणखी दोघा ठेकेदारांना विचारून पाहिलं. दोघांनीही तेच सांगितलं, की दुसऱ्याने पूजा केलेल्या चौकटीवर आम्ही येत नाही. रविराज दुसऱ्या गावच्या कामावर निघून गेले. जाताना म्हणाले, "ठरलं की निरोप धाडा."

आणि मी तिथेच राहिले.

मित्रांनो, मला भिंत नव्हती, दार नव्हतं, छप्पर नव्हतं. चारी बाजूंनी मोकळी, तरी माझ्याएवढं अडकलेलं त्या गावात कोणी नसेल. शेळ्या माझ्या बाजूने जात. पोरं मला वळसा घालून पळत आणि हसत. पाऊस लागला तसं टेकूच्या खिळ्यांतून गंजाचं पाणी माझ्या अंगावरून ओघळू लागलं. उंबऱ्यात साचलेलं पाणी मला आतून फुगवत होतं. पण त्याहून जास्त बोचत होतं ते वेगळंच. या माणसांना मीच बांधून ठेवलं होतं. मी नसते, तर ते केव्हाच दुसरीकडे वळले असते. मला उखडून चुलीत घालावं, असंही मला कैक वेळा वाटलं.

पद्मावतीअक्का मात्र रोज सकाळी हळद-कुंकवाची वाटी घेऊन यायची. ती कधी बाजूने आली नाही. पायऱ्या नव्हत्या, दगडावर पाय देऊन जोत्यावर चढायची आणि माझ्यातूनच आत यायची, त्या नसलेल्या घरात. आत उभी राहून नदीच्या दिशेने बघायची.

श्रावणात नदी वाढली. तीन दिवस पाणी खालच्या उसात उभं होतं, गल्लीच्या तोंडापाशी आलं आणि थबकलं. त्याच दिवशी भाग्यश्रीचा सासरहून फोन आला. तिला पाचवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, तर तिला आणायचं कुठे?

दादा म्हणाले, "जाऊ दे आता. अडीच फुटावरच बांधू. पूर काय रोज येतोय व्हय."

अक्का चिखलातल्या पायांनीच त्यांच्यासमोर उभी राहिली. "आवं, माझ्या पोरीला मी ह्याच चौकटीतनं काहिलीत घालून न्हेली. तिच्या पोराला न्हाई न्हेनार. मला मग घरच नगं."

ती तशीच उपाध्ये काकांकडे गेली. परत आली तेव्हा तिच्या चालण्यातच फरक होता. काकांना तिने एकच विचारलं होतं, पुजलेली चौकट हलवू नये म्हणजे नेमकं काय. काका म्हणाले, पोथीत याबद्दल काही नाही. जुनी माणसं एवढंच सांगायची, की पुजलेली चौकट आडवी करायची नाही. उभीच्या उभी वर न्यायला कोणी बंदी केलेली त्यांच्या ऐकण्यात नव्हती.

पाऊस उघडला त्या रविवारी तिने रविराजांना निरोप धाडला, की तुमच्या मनासारखं करायचं ठरलंय, गवंडी आणि सिमेंटचे ठोकळे घेऊन या. ते हसतच आले. बघतात तो जोत्यावर गल्लीतले दहा-बारा गडी उभे. नानासो पुढे. माझ्या दोन्ही अंगांना त्यांनी दोन लांब वासे आडवे बांधले होते, त्याच काहिलीच्या दोराने. टेकूंचे खिळे काढून झाले होते. रविराज अंगणात पाय ठेवतात न ठेवतात, तोच नानासो म्हणाले, "घ्या रं."

आणि मी उचलले गेले. उभीच्या उभी. वासे खांद्यांवर, आणि माझा उंबरा जोत्यापासून वीतभर वर. माझे सांधे करकरले. चार महिन्यांत पहिल्यांदा माझ्या खालून वारा गेला.

"आवं, ह्ये काय चाललंय?" रविराज म्हणाले.

पद्मावतीअक्का शांतपणे म्हणाली, "तुमी हात लावायचा न्हाई म्हनला. नगा लावू. चौकट आमी उचलतो, ठोकळं तुमी ठेवा. चार थर. ठरल्या दरात, ठरल्या उंचीला."

"वैनी, ह्ये असं घाईनं... बसून बोलू की जरा."

"बोला. मानसं हुबी हायती तवर बोला."

रविराजांनी गड्यांकडे पाहिलं. बारा माणसं घामाने भिजलेली, मान वाकडी करून त्यांच्याकडेच बघत होती. कुंपणापाशी गल्लीतल्या बायका उभ्या होत्या. यातल्या निम्म्या घरांची कामं पुढेमागे त्यांनाच मिळायची होती. मित्रांनो, घासाघीस करायला माणसाला बसायला खुर्ची लागते आणि समोर चहा लागतो. बारा खांद्यांवर चौकट तोललेली असताना ती होत नाही. चार महिने मी आणि माझी माणसं अडकलो होतो. आता रविराज अडकले होते.

"रविराज," नानासो दमलेल्या आवाजात म्हणाले, "ठोकळं लावतुयास, का आमी हितंच दिवाळी करू?"

वर्धमानदादा इतका वेळ बाजूला उभे होते. ते पुढे आले आणि भिडस्तपणा सोडून आयुष्यात पहिल्यांदा स्पष्ट बोलले. "रविराज, तू आमच्या घरात जेवलायस. आज आमच्या घराला दार दे."

खाली वाकून रविराजांनी पहिला ठोकळा स्वतःच्या हाताने सरकवला. मग गवंडी पुढे झाले. एक थर झाला, मला टेकवलं, गड्यांनी दम घेतला, पुन्हा उचललं. असं चार वेळा. चौथ्या वेळी मी पाच फुटांच्या वर उभी होते आणि तिथून मला नदी दिसत होती. त्या दुपारी अक्काने आधी कागद पुढे ठेवला, मग ताट.

माझ्याखालचं जोतं महिनाभरात सगळीकडून वर आलं आणि दिवाळीनंतर छप्पर चढलं. आता गावात चाल बदलली आहे. लोक आधी जोतं मोजतात, मग मुहूर्त काढतात. रविराज कुरकुरतात, पण बांधतात.

मित्रांनो, माझं एवढंच सांगणं आहे. घर बांधाल तेव्हा दाराला हळद लावण्याआधी शब्दाला शाई लावा. आपल्या माणसाकडे कागद मागताना लाजू नका. लाजेने आपलं माणूस टिकत नाही, आणि घरही टिकत नाही. आणि जुनं लाकूड टाकू नका, त्याने काय काय पाहिलं आहे ते आधी बघा.

आता मी भिंतीत पक्की गाडलेली आहे. इथून मला हलता येणार नाही, आणि हलायचंही नाही. पौषात भाग्यश्री बाळाला घेऊन दवाखान्यातून आली, तेव्हा अक्काने भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि दोघांना माझ्यातून आत घेतलं. त्याआधी रंगारी माझी पुराची रेघ तासून काढणार होता. अक्काने काढू दिली नाही.

त्या रेघेवरून कोणी आता पुराची उंची मोजायला गेलं, तर त्याचं माप चुकेल, कारण मी तेव्हापेक्षा चार फूट वर उभी आहे. माझी रेघ आता खोटी झाली आहे. कृष्णामाई, ती तशीच खोटी राहू दे.