तीन पायांमध्ये चार अंडी

मी एक जुनी तिपाई आहे, मित्रांनो. चहाचे कप ठेवतात ती नव्हे. जमीन मोजायचं यंत्र ज्या तीन लाकडी पायांवर बसवतात, ती. यंत्राला डोळा असतो, आकडे असतात, निजायला गादीची पेटी असते. मला फक्त पाय आहेत, आणि तेही चालता न येणारे. माझं काम एकच. हलायचं नाही. जगातलं सगळ्यात सोपं काम वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

मी मूळची सागवानाची. झाड होते तेव्हा एक अस्वल येऊन माझ्यावर पाठ घासायचं. झाडाने तक्रार कुठे करावी? म्हणून करवतवाले आले तेव्हा, खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. कारखान्यात माझ्यावर रंधा फिरला, पॉलिश चढलं, पायांना लोखंडी टोकं बसली आणि मी नागपूरच्या एका मोजणी कार्यालयात रुजू झाले. सरकारी नोकरी, पंख्याखालची जागा. जनावरांचा आणि आपला संबंध संपला, असं मी मनाशी म्हटलं. दुसऱ्याच दिवशी मला जीपमध्ये टाकून रानात नेलं.

तिथून पुढे तेच चाललं. रानडुकराने माझा पाय कंद समजून उकरला. रोह्यांच्या, म्हणजे नीलगायींच्या, कळपाने माझ्याकडे नीट बघून घेतलं, आणि सगळं रान मोकळं असताना माझ्यावरूनच पळ काढला. लाल मुंग्या तर माझ्या अंगावरून अशा जायच्या, जणू हा रस्ता त्यांनीच मंजूर करून घेतलाय. दरवेळी मोजणी पहिल्यापासून करावी लागे, आणि कागदावर कारण लिहिलं जाई, 'तिपाई हलली.' रोही आला, असं आजवर कोणीही लिहिलेलं नाही.

एकदा अभयारण्याला लागून असलेल्या गावात वाघ आला. सगळे यंत्र घेऊन जीपमध्ये बसले आणि मला विसरले. वाघाने मला हुंगलं, पाठ फिरवली, शेपटी वर केली आणि माझ्या तिन्ही पायांवर आपली हद्द कायम करून निघून गेला. अर्ज नाही, नोटीस नाही. इतकी झटपट मोजणी मी जन्मात पाहिली नव्हती. हरकतही कोणी घेतली नाही. नंतर आमचे मदतनीस चंद्रभान यांनी मला फिनाइलने धुतलं. त्यामुळे मला फिनाइल लावलेल्या वाघाचा वास येऊ लागला.

त्याच आठवड्यात आम्ही कुही तालुक्यातल्या एका गावी गेलो. मोजणी करणाऱ्या होत्या ऋतुजा मॅडम, वयाने लहान, पण कामाला पक्क्या. अर्ज होता कांताबाईंचा. त्यांचं आणि त्यांचे दीर देवराव यांचं शेत लागून, आणि बांधाजवळ विहीर. विहीर कोणाच्या हद्दीत, हा वाद. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीला कुलूप देवरावांचं होतं. धानाचे पऱ्हे टाकायचे दिवस तोंडावर आले होते. त्या कोवळ्या रोपांना पाणी मिळालं नाही तर कांताबाईंचं वर्ष गेलं. देवरावांना काहीच करायचं नव्हतं. फक्त मोजणी लांबायला हवी होती.

मला बांधावरच्या जुन्या हद्दीच्या दगडाशी उभं केलं. डोक्यावर एक टिटवी जीव तोडून ओरडत होती. सगळ्यांनी वर पाहिलं, खाली कोणी पाहिलं नाही. मग देवरावांनी श्रद्धेने, अगदी माझ्या पायाशी, नारळ फोडला. मोजणीआधी नारळ फोडायची तिकडे रीत आहे. रीत चांगली आहे, पण तिच्याबद्दल वानरांनाही माहिती आहे. समोरच्या मोहाच्या झाडावरून बारा-पंधरा जण उतरले; नारळ दिसला की त्यांना वाघाचा वासही येत नाही. यंत्र मॅडमनी पोटाशी धरून वाचवलं. एक थोराड वानर यंत्राच्या जागी, म्हणजे माझ्या डोक्यावर, बसलं आणि खोबरं खात चारही दिशांचं निरीक्षण करू लागलं.

चंद्रभान म्हणाले, "मॅडम, नवे साहेब जॉइन झाले वाटते."

मॅडम हसल्या नाहीत. मीही नाही.

वानरं गेल्यावर चंद्रभान मला उचलायला वाकले आणि तसेच थांबले. माझ्या तीन पायांच्या मधोमध, खड्यांसारखी दिसणारी चार अंडी होती. लोखंडी टोक एका अंड्यापासून बोटभर दूर रुतलेलं.

तुम्हाला ठाऊक असेल मित्रांनो, टिटवीने अंडी कुठे घातली यावरून आमच्याकडे पावसाचा अंदाज बांधतात. उंच बांधावर घातली म्हणजे पाऊस भरपूर. बघता बघता अर्धं गाव जमलं. मला अलगद काढता येईल, असं मॅडम म्हणत होत्या. तेवढ्यात टिटवी आली, माझ्या सावलीत शिरली आणि अंड्यांवर बसली. देवरावांना संधी दिसली.

"पाहा, टिटवीनं मानलं त्या तिपाईले," ते म्हणाले. "आता काढली तं अंडे सोडून जाईन ते. मंग पाऊस नाही आला तं कोणाले धरायचं, मॅडमले?"

मोजणी पुढच्या तारखेवर ढकलली गेली. मला पोलीस पाटलाच्या ताब्यात दिलं, म्हणजे जागेवरच सोडलं. जाताना मॅडमनी मागे वळून पाहिलं. कांताबाईंनी पाहिलं नाही. त्या कोरड्या वाफ्याकडे बघत होत्या.

मी उभी राहिले. ऊन, वारा, मुंग्या. टिटवी माझ्याखाली बसून माझ्यावरच ओरडायची. गावची कुत्री अंडी खायला यायची, माझा वास आला की शेपूट पायात घालून पळायची. हे माझं कर्तृत्व नव्हे, वाघाचं होतं. पण वाघ टिटवीच्या शिव्या खायला थांबला नव्हता.

आता गंमत अशी, की विहिरीच्या हौदावर देवरावांच्या म्हशी पाणी प्यायच्या. पहिल्या संध्याकाळी म्हशी आल्या, नाकपुड्या फुलवून थांबल्या, आणि दाव्यासकट देवरावांना ओढत घरी घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. मग देवराव स्वतः बादल्या वाहू लागले. म्हशीची तहान तुम्ही पाहिली नसेल, मित्रांनो. तिला बादलीचा अपमान वाटतो. मला हलवावं तर गाव बघत होतं, आणि टिटवीचा कायदा त्यांचाच. शेवटी ते कमरेवर हात ठेवून बांधापाशी आले.

"वहिनी, तुमच्या वावरातून पाइप टाकू द्या नं घरापावतर. म्हशी तहानल्या हायेत."

कांताबाईंनी वाफ्यातली ढेकळं फोडणं थांबवलं नाही. "टाका नं. मी काहून नाही म्हणू? मुक्या जनावराची काय चूक हाय? पण पेटीची चाबी कोणाजवळ हाय, भाऊजी?"

देवरावांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मीच काहीतरी बोलले. मग खिशातून किल्ली काढून त्यांनी बांधावर ठेवली. त्या संध्याकाळी पाणी आधी वाफ्यात गेलं, मग म्हशींना.

पिलं निघाली, आईमागे पळाली. निरोप वगैरे काही नाही. पऱ्हे हिरवेगार उभे असताना ऋतुजा मॅडम परत आल्या. देवराव म्हणाले, आता मोजणी कशाला, आमचं जमलं. कांताबाई म्हणाल्या, "तुमच्या तोंडावर भरवसा हाय, भाऊजी. पण तोंड नकाशात काढता येत नाही." देवरावांनी पिशवीतून नारळ काढला. तो कांताबाईंनी हातातून घेतला आणि पदरात बांधला. "हा घरी खाऊ," म्हणाल्या.

त्या दिवशी मी हलले नाही. हद्द विहिरीच्या मधोमध गेली.

"म्हणजे अर्धी माही, अर्धी वहिनीची," देवराव पुटपुटले.

"मंग बादलीले विचारा, कोण्या अर्ध्यातलं पाणी आणलं," कांताबाई म्हणाल्या. पण किल्लीची दुसरी प्रत त्यांनी तेव्हाच मागून घेतली.

कागदावर लिहिलं गेलं, 'मोजणी पूर्ण.' तिपाई हलली नाही, हे कोणीही लिहिलं नाही.

आता उपग्रहाशी बोलणारं नवं यंत्र आलंय. ते एका दांडीवर उभं राहतं. माझे दोन पाय जास्तीचे ठरले, आणि मी कार्यालयाच्या अडगळीच्या खोलीत आले. बंद दार, भिंत, कोळ्याची जाळी. आता तरी जनावरांचा संबंध संपला, असं मी पुन्हा मनाशी म्हटलं. परवा खिडकीच्या फुटक्या काचेतून एक मांजर आत आलं. सगळी खोली फिरलं आणि माझ्या तीन पायांमध्ये व्यालं. तीन पिलं आहेत. डोळे अजून उघडलेले नाहीत.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेलपाणी करा, त्यांची धूळ पुसा, एवढं तर सगळेच सांगतात. माझं मागणं वेगळं आहे. ही खोली आवरायला याल, तेव्हा मला उचलण्याआधी खाली वाकून बघा.

तोवर मी हलत नाही.