वाऱ्याची बाजू

बानाबाईने रिमोटचे बटण दाबले आणि बोळाकडे कान लावला. बाहेरच्या भिंतीवर टांगलेल्या एसीच्या डब्याची घरघर थांबली. आता ऐकण्यासारखे काही उरले नव्हते, तरी ती ऐकत राहिली. शेजारचे पुंडलिकअप्पा जाऊन महिना होत आला होता. पण यंत्र बंद झाले की त्यांचा खोकला घरघरीखालून मोकळा झाल्यासारखा तिला वाटे.

झोळीत नात झोपली होती. प्रेरणाचा जन्म थंडीतला. चैत्र लागताच तिच्या मानेवर, पाठीवर घामोळ्या उठल्या, रात्र रात्र ती किंचाळू लागली, तेव्हा बानाबाईच्या लेकाने, बिभीषणने, एसी आणला. गारखेड्यातल्या त्या वस्तीत घरे एकमेकांना खेटून. बसवणाऱ्याने दुसरी जागा नाही म्हणून डबा बोळात लावला. त्याचे तोंड अप्पांच्या खिडकीकडे होते. मध्ये फार तर एक माणूस उभा राहील एवढी जागा.

अप्पांकडे कूलर होता. नळाला पाणी आले की एक-दोन दिवस तो चाले, मग नुसतीच कोरडी हवा फेके. एकदा ते खांद्यावर पंचा टाकून ओट्याशी आले होते.

"बानाबाई, तुमचं मशीन रातीबी चालूच असतं का?"

"लेकराला लई घामोळ्या आल्यात वो अप्पा."

"मग असू द्या. लेकरू हाय."

एवढेच बोलून ते गेले आणि त्यांनी ती खिडकी लावून घेतली. मे महिन्यात एका दुपारी त्यांच्या बायको गीताबाई दळण घेऊन परतल्या तेव्हा अप्पा बाजेवर तसेच पडलेले होते. डॉक्टरांनी हृदयाचे कारण सांगितले. लोक म्हणाले, वय झालेच होते. कुणी म्हणाले, यंदा ऊनच तसे आहे. यातले काहीच खोटे नव्हते.

लग्नानंतरची कितीतरी वर्षे बानाबाई मेंढरांमागे फिरली होती. बिडकीनच्या माळावर चार-पाच बिऱ्हाडांची पाले शेजारी शेजारी पडत. चुलीचे तीन दगड मांडण्याआधी सासू तिला चिमूटभर माती उचलायला लावी. डोळ्याच्या उंचीला हात धरून माती सोडायची, ती कुठल्या बाजूला जाते ते बघायचे, मग चूल मांडायची. धूर दुसऱ्याच्या पालात जाता कामा नये. मध्येच वारा फिरला तर अर्धी भाकरी तव्यावर असली तरी दगड उचलायचे. असे का, ते सासूने कधी सांगितले नाही आणि बानाबाईनेही विचारले नाही. त्या माळावर आता रुंद रस्ते झाले आहेत आणि तिथल्याच एका कंपनीत बिभीषण कामाला जातो.

डबा दुसरीकडे लाव, असे तिने त्याला सांगून पाहिले होते. पोरगा वाईट नव्हता. ऊन वाढत चालल्याचे त्यालाही कळत होते. मोटरसायकल घरी ठेवून तो कंपनीच्या बसने जाई, दारात त्याने जांभूळ लावले होते. त्याने तिला गच्चीवर नेऊन दाखवले. डबा वर आणला तर वाफ मागच्या घरातल्या कडुबाच्या माडीत जाणार, तिथे त्याची म्हातारी झोपते. पुढे रस्त्याकडे लावला तर खाली भाजीवाल्या बसतात.

"आय, आतली गरमी भाईर गेल्याबिगर आत गार कसं व्हईल? कुठंतरी ती जाणारच की."

मग आवाज उतरवून त्याने विचारले होते, "तुला कुणी काय बोललं का?"

कुणीच काही बोलले नव्हते. तेच तर होते.

म्हणून सून शालू दवाखान्यात ड्युटीला गेली की बानाबाई दुपारी एसी बंद करी. शालूला संध्याकाळी पोरीची मान बघून कळे. काल ती म्हणाली होती, "आत्या, तुमाला सोसतं. तिला कशाला सोसायला लावता?"

आज प्रेरणा लवकरच उठली. चेहरा लालबुंद. बानाबाईने ओले फडके फिरवले, पदराने वारा घातला, खांद्यावर घेऊन घरभर फिरवले. रडणे थांबेना. शेवटी तिनेच रिमोट उचलला. बोळात घरघर सुरू झाली आणि ती पोरीला घेऊन तशीच शेजारच्या दाराशी गेली.

"गीताबाई, दुपारचं आमच्याकडं येऊन पडत जा. गार हाय."

गीताबाई सोलायचा लसूण ताटात घेऊन आल्या. भिंतीला टेकून बसल्या. पोर झोळीत शांत झाली. लसणाचे दोन गड्डे सोलून झाले. मग गीताबाईंनी वर एसीकडे बघितले.

"इथं त्याचा आवाज येत नाय व्हय."

"नाय."

"आमच्याकडं लई येतो."

नळाला पाणी नाही म्हणून सांगावे तशा आवाजात त्या बोलल्या.

"गीताबाई, अप्पास्नी मी कधी..."

"झोपलं बघा लेकरू," गीताबाई म्हणाल्या आणि त्यांनी झोळीबाहेर आलेला पाय अलगद आत सारला. मग पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला. "थंडी वाजाया लागली मला. याची सवय लागली तर घरी निभायचं नाय." ताट उचलून त्या गेल्या.

बानाबाई त्यांच्यामागे बाहेर आली आणि बोळात शिरली. डब्यातून पेटत्या चुलीसारखी झळ येत होती. तिने भिंतीच्या कडेची चिमूटभर माती उचलली, हात डोळ्यापर्यंत नेला आणि बोटे सैल केली.

माती खाली पडलीच नाही. सरळ खिडकीवर गेली आणि गजांच्या बुडाशी साचली.

तिने ती पदराने पुसून घेतली. मग डब्याकडे पाठ करून त्याच्या आणि खिडकीच्या मध्ये उभी राहिली. पाठ भाजू लागली, तरी हलली नाही. घरात प्रेरणा झोपली होती.