पाच खोकी, पाच विशेषणं

आपण संशयी नाही, असं दामोदर सबनीस सगळ्यांना सांगे. आता कोणता संशयी माणूस वेगळं सांगतो म्हणा! पुण्याहून बेंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात येऊन त्याला तीन वर्षं झाली होती. रेल्वेने माल पाठवायचं खातं त्याच्याकडे होतं. हाताखालचा कारकून नागनाथ चौगुले, निपाणीकडचा. त्याचं अक्षर मोत्यासारखं आणि स्वभाव गरीब. दर रविवारी बेंगळूरच्याच श्रीरामपुर भागातल्या त्याच्या चाळीत, त्याच्या बायकोच्या, चंपाच्या हातची भाकरी दामोदर पोटभर जेवायचा.

१९५८ साली दामोदर आठवडाभर तापाने पडला. तेवढ्यात यंत्रांच्या सुट्या भागांची पाच खोकी ओरिसाकडे रवाना झाली. कामावर परत आल्यावर त्याने नागनाथने इंग्रजीत केलेलं मालाचं वर्णन वाचलं. पहिलं खोकं बल्की, दुसरं ह्यूज, तिसरं मॅसिव्ह, चौथं पॉन्डरस आणि पाचवं कलोसल.

रेल्वेच्या पावतीवर मात्र पाचांचंही वजन तंतोतंत सारखं.

दामोदरचं डोकं भणभणलं. कलोसल म्हणजे अवाढव्य, डोंगराएवढं. ते साध्या बल्कीच्या वजनाचं कसं असेल? स्टेशनावर वजन व्हायच्या आधीच कुणीतरी पाचवं खोकं हलकं केलं असणार. आणि ते कोण, हे शोधायला लांब कशाला जायचं?

"नागनाथ, सगळ्यांत मोठं खोकं कुठलं होतं?" त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

नागनाथ कानापर्यंत लाल झाला. "सगळी मोठीच की ओ, अण्णा," म्हणाला, आणि टेबलावरची एक लहान वही त्याने लगबगीने खिशात घातली.

खाई त्याला खवखवे, असं दामोदरने मनाशी ठरवून टाकलं. माणसाने एकदा ठरवलं की पुरावे आपोआप चालत येतात. नागनाथने घरी बसायला नवा पाट बनवला होता, लाकूड कुठलं? चंपाच्या नाकात नवी चमकी होती. ती कुठून आली? चमकी तिच्या आईची होती, हे दामोदरला चंपानेच सांगितलं होतं. पण संशयाला ऐकू कुठे येतं! दुपारपर्यंत त्याने साहेबांना लेखी कळवलं. गुन्हा ठरला असता तर नागनाथची नोकरी गेली असती, आणि चोर म्हणून निघालेल्याला दुसरीकडे कोण उभं करणार?

संध्याकाळी दामोदर पहारेकरी मल्लाप्पाला घेऊन श्रीरामपुरात गेला. चाळीतली दारं एकेक करून उघडली आणि शेजारी बघायला जमले. चंपाची ट्रंक मल्लाप्पाने ओसरीवर आणून उपडी केली. लग्नातला शालू, मुंडावळ्या, एक रिकामी अत्तराची कुपी, आणि तळाशी ती वही. एका पानावर वर लिहिलं होतं 'मोठा', आणि खाली चाळीसेक इंग्रजी शब्द. पाचांपुढे बारीक खुणा.

"ही कसली सांकेतिक भाषा?" दामोदरने विचारलं.

"आमचे गुरुजी सांगायचे, एका कागदावर तोच शब्द दोनदा आला की लिहिणारा दरिद्री," नागनाथ खाली बघत म्हणाला. "खोकी पाच, म्हणून शब्द पाच घेतले. वापरलेल्यावर खूण करतो. मॅट्रिक नापास माणूस मी, अण्णा. तुम्ही हसाल म्हणून वही लपवली."

दामोदरला ते पटलं. खरं म्हणजे तिथेच पटलं, पण मल्लाप्पासमोर आणि एवढ्या शेजाऱ्यांसमोर माघार कशी घ्यायची? "साहेब ठरवतील," म्हणत त्याने वही काखोटीला मारली. नागनाथला घरी बसवण्यात आलं.

पाचव्या दिवशी ओरिसाहून तार आली. पाचही खोकी एकाच मापाची, माल पूर्ण. वही चाळून साहेब खो-खो हसले. दामोदरला हसू आलं नाही. वही आणि कामावर रुजू व्हायचा हुकूम घेऊन तो तडक श्रीरामपुरात गेला. वाटेत माफीची वाक्यं घोकत होता.

चंपा दारात उभी होती. तिने त्याला आत या म्हटलं नाही. हुकूम घेऊन तिने नवऱ्याकडे दिला.

"माझं चुकलं, वहिनी," दामोदर म्हणाला. त्याला रडू येत होतं.

"आम्हाला काय सांगता, भावजी? आम्हाला ठाऊकच होतं." तिने चाळीकडे हात केला. "त्यांना सांगा. पाच दिवस झाले, नळावर मी गेले की बायका आपल्या घागरी उचलून बाजूला ठेवतात."

दामोदर शेजारच्या दाराशी गेला. कडी वाजवली. एक म्हातारी बाहेर आली, आणि तो तसाच उभा राहिला. तीन वर्षांत कानडीचे दोनच शब्द त्याच्या पदरात पडले होते, स्वल्प म्हणजे थोडं आणि सरी म्हणजे बरं. हा माणूस चोर नाही, मी खोटा आळ घेतला, हे त्या दोन शब्दांत कसं सांगायचं?

मागून चपलांचा आवाज आला. नागनाथ सदऱ्याची बटणं लावत येऊन त्याच्या शेजारी उभा राहिला.

"तुम्ही मराठीत बोला, साहेब," तो म्हणाला. "मी कानडीत सांगतो."

दामोदर बोलला. नागनाथने मान खाली घालून, एकेक वाक्य घेत, आपण चोर नाही हे म्हातारीला सांगितलं. मग दोघे पुढच्या दाराकडे वळले. अजून अकरा दारं होती.