झाकणाखालचं लोणी

खडखड ऐकू येतेय ना? ती मीच. मी दुधाची किटली बोलतेय. स्टीलची, दहा लिटरची, पणदऱ्याच्या एका वस्तीवरची. माझं झाकण पहिल्यापासून जरा सैल आहे, त्यामुळे गप्प बसणं मला जमत नाही. घरातली माणसं म्हणतात, "ही किटली आन् ती छकुली, दोघींचं तोंड काय मिटत न्हाय." छकुली म्हणजे घरातली नात. म्हणू देत.

माझी खरेदी बारामतीतली. बाजाराच्या दिवशी घरधनी गेणबा आबा आणि त्यांच्या पत्नी विजयमालाबाई एसटीनं गेले, भांड्यांच्या दुकानात सगळ्या किटल्या वाजवून पाहिल्या आणि शेवटी मी पसंत पडले. दुकानदारानं मशीन लावून माझ्या पोटावर टिंबाटिंबांनी नाव कोरलं, सौ. विजयमाला. गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला सांगू!

पुढची पंधरा वर्षं काम एकच. पहाटे म्हशींची धार निघाली की आबांच्या सायकलच्या हँडलला लटकून गावातल्या डेअरीत जायचं. तेव्हा गोठ्यात चार म्हशी होत्या. मी गळ्यापर्यंत भरलेली असायचे, डचमळायला जागाच नसायची. डेअरीत आबांचा मान मोठा. "आबांच्या दुधाला फॅटचं मशीन कशाला लावायचं?" असं लोक म्हणायचे आणि आबा मिशीतल्या मिशीत हसायचे. त्या मानावर त्यांचा फार जीव होता.

मग रोहिणी आली. युवराजची, म्हणजे आबांच्या एकुलत्या एका मुलाची बायको. कॉलेजात असताना पाच हजार मीटरच्या शर्यतीत पळालेली पोर. लग्नानंतरही तिनं पळणं सोडलं नव्हतं. पहाटे विजयमालाबाई धारेला बसल्या की ही कॅनॉलच्या कडेनं पळून यायची. घरात मात्र "फिरून येते" म्हणायची. फिरणं चालतं हो, डॉक्टरसुद्धा फिरायला सांगतात. पण सून पळताना दिसली की भेटेल तो विचारणार, "काय झालं वैनी? सगळं बरं हाय नव्हं?" एक म्हातारी तर रडायलाच लागली होती, हिच्या माहेरी कुणी गेलं असं समजून.

गेल्या दिवाळीनंतर सगळं एकदम अंगावर आलं. माळेगावचा साखर कारखाना सुरू झाला आणि तिथं कामाला असलेल्या युवराजच्या शिफ्ट फिरायला लागल्या. डबा कधी पहाटे, कधी दुपारी. विजयमालाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्या खाटेवर. छकुलीची शाळेची गाडी सव्वासातला दारात. दोन म्हशी विकून टाकल्या, तरी उरलेल्या दोघींची धार रोहिणीच्याच वाट्याला आली.

पळणं पहिल्यांदा चुकलं तेव्हा ती म्हणाली, "उद्या." मग म्हणाली, "सोमवारपासनं." मग सासूचं नाव पुढं करून म्हणाली, "आत्यांचा गुडघा बरा झाला की." माणसांचं हे 'पासनं' मला काही उमगत नाही. म्हैस कधी सोमवारपासून दूध देते म्हणत नाही, तिची धार आजच काढावी लागते.

महिनाभर मी तिच्याकडे बघत होते. भाकरी थापताना तिची टाच खालीवर व्हायची. धार काढताना गुडघा हलायचा. एकदा छकुलीवर उगीच खेकसली आणि मग तिलाच कुशीत घेऊन बसली. बाई गं, ही पण माझ्यासारखीच सैल झाकणाची, मला कळून चुकलं.

एका सकाळी ती आबांना म्हणाली, "आबा, थंडी लई हाय. डेअरीला दूध मी घालून येते. तुमी नका सायकल मारू."

आबा खूश. सून शहाणी निघाली म्हणाले. शहाणी तर होतीच! चप्पल घालून अंगणातून निघाली, गोठ्याच्या मागं गेली, कडब्याच्या गंजीत हात घालून बूट काढले, नाड्या करकचून बांधल्या आणि मला घेऊन सुटली.

काय सांगू! डेअरी दीड किलोमीटर. एका बाजूला कॅनॉल, दुसऱ्या बाजूला ऊस, तोंडातून वाफा. मला कधी या हातात घेई, कधी त्या हातात. आता दोनच म्हशी, म्हणजे मी जेमतेम अर्धी. दूध आत इकडून तिकडे आपटत होतं आणि झाकण टाळ्या पिटत होतं. आणि गंमत बघा, एकानंही विचारलं नाही काय झालं म्हणून! उलट लोक वाट देत होते. "पळा वैनी, पळा! डेअरीतला बिरदेव मशीन बंद करतोय!"

हातात किटली असली की बाईचं पळणं काम होतं. नसली की पंचाईत होते. हे मला त्या दिवशी समजलं. रोहिणीला ते आधीच समजलं असावं.

डेअरी जवळ आली की ती चालायला लागायची, पदरानं घाम पुसायची आणि आत जायची. येताना मी रिकामी, म्हणून आणखी जोरात. दिवस उजळायच्या आत दोघी घरी. त्यानंतर तिचा चेहरा बघावा. डबे झाले, वेणी झाली, खाटेवरच्या आत्यांचं सगळं झालं, एका शब्दानं चिडचिड नाही. असे तीन आठवडे गेले. माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले तीन आठवडे ते.

पण एक गोष्ट मला दिसत होती आणि तिला दिसत नव्हती. धार काढली की रोहिणी मला गार पाण्याच्या घमेल्यात ठेवायची आणि डबा भरायला जायची. थंडीचे दिवस, दूध चांगलं गार व्हायचं. मग दीड किलोमीटर घुसळण. माझ्या गळ्याला आणि झाकणाच्या आतून लोण्याचे बारीक कण चिकटायला लागले. डेअरीतला बिरदेव यंदाच मशीनवर बसलेला. तो गर्दीत घाईघाईनं झाकण काढून उपडं टाकायचा आणि दूध घ्यायचा. लोणी माझ्याजवळच राहायचं. परत निघताना रोहिणी तिथल्या नळावर मला धुवायची, तेही अर्धवट उजेडात. मी परोपरीनं खडखडले. पण माझी खडखड ऐकायची सगळ्यांना सवय झालेली!

एकदा आबा पेंडीचं पोतं आणायला डेअरीत गेले. बिरदेवनं त्यांना बाजूला घेतलं. "आबा, राग मानू नका. तुमची फॅट सातावरनं साडेपाचावर आलीया. पाणी न्हाय, ते मशीन सांगतंय. पण वरचं कुणीतरी काढून घेतंय."

आबा पोतं तिथंच ठेवून घरी आले. दुसऱ्या दिवशी धारेच्या वेळी गोठ्यात पाट टाकून बसले. माझं झाकण स्वतः लावलं आणि वरून सुतळी आवळून गाठ मारली. रोहिणीला कारण कळेना, पण ती नेहमीसारखी पळत गेली. फॅट साडेपाच.

संध्याकाळी अंगणात आबांनी विचारलं, "वाटंत कुणाच्या घरी थांबतीस?"

"कुणाच्याच न्हाय, आबा."

"मग फॅट कुठं जाती? हवंत?" आबा उठून उभे राहिले. "चाळीस वर्षं दूध घालतोय मी. कुणी बोट दाखवलं न्हाय. खायचं असंल तर घरात खा की! गाठ सोडून चोरून कशापायी?"

रोहिणीच्या हातातली पाटी खाली पडली. चोरून! सहा वर्षांत या घरात तिला असं कुणी बोललं नव्हतं. ती युवराजला सांगायला गेली, तर तो शिफ्टवरून येऊन डोळे मिटत होता. "आबांचं मनावर घेऊ नको गं," म्हणाला आणि घोरायला लागला.

दुसऱ्या दिवशी तिनं कडब्यातले बूट काढलेच नाहीत. पळायला मन कुठून येणार? चपला फरफटत चालत गेली, चालत आली. दूध आत शांत पडून होतं. आणि फॅट आली सात पॉइंट एक!

आता झालं काय, बघा. आबांनी विजयमालाबाईंना, आणि चुलीपाशी रोहिणीलाही, ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "बोललो, तर आली बघ फॅट."

झालं. चोर पकडला गेला. विजयमालाबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. माझ्या पोटावर त्यांचंच नाव, म्हणून मला जास्त लागलं. चार दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. रोहिणी रोज चालत जायची, रोज सात, आणि रोज ती जास्तच चोर ठरायची. अहो, तिचं लोणी माझ्याजवळ होतं! मी खुंटीवर लटकून नुसती तडफडत होते.

रविवारी दुपारी ती दही घुसळायला बसली. डोकं दुसरीकडेच. खाटेवरून विजयमालाबाई बोलल्या, चार दिवसांत पहिल्यांदाच. "गार पाणी घाल त्यात. गार असलं आन् चांगलं हिसळलं की लोणी आपसूक वर येतंय."

रोहिणीचा हात थांबला. तिनं रवीकडे बघितलं, मग वर खुंटीकडे, माझ्याकडे. उठली, झाकण काढलं आणि कडेच्या आतल्या घडीत नख फिरवलं. तिथं जुना, वाळलेला पांढरा थर होता. धुताना कधीच न निघालेला. तिनं तो नखावर घेऊन हुंगला. आधी हसली. मग खाली बसून रडली.

गप्प राहिली असती तरी चाललं असतं. चालतच राहायचं, महिन्याभरात सगळे विसरले असते. पण मग चोर हे नाव राहिलं असतं आणि पळणं गेलं असतं. ती सरळ आबांसमोर जाऊन उभी राहिली.

"आबा, उद्या झाकणाला गाठ तुमीच मारा. आन् ह्यांची गाडी काढून डेअरीपर्यंत माझ्या मागं या. मला नजरंआड होऊ देऊ नका."

सकाळी तिनं बूट ओसरीवर बसून घातले. सगळ्यांदेखत. आबांनी बुटांकडे बघितलं. गाठ मारली, युवराजची मोटारसायकल चालू केली. आणि रोहिणी मला घेऊन पळाली. अशी पळाली की उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं गाणं बारीक करून मान बाहेर काढली. पुढं सून, मागं सासरा! लोक रस्त्यावर आले. "आबा, काय झालं? कोण गेलं का?"

"कोण न्हाय गेलं! दूध घालायला चाललोय," आबा ओरडून सांगत होते.

डेअरीच्या दारात ती थांबली. छाती धपापत होती. "बिरदेवभाऊ, आबांची गाठ तुमी सोडा. झाकण उपडं टाकू नका, सरळ धरा."

बिरदेवनं झाकण उचललं. आतून लोण्याचे दाणे, हरभऱ्याएवढे. रांगेतले सगळे वाकून बघायला लागले. मशीनवर आकडा आला पाच पॉइंट चार. बिरदेव हसत सुटला, "वैनींनी ताक करूनच आणलं की वो!"

"मी रोज अशीच येते, आबा," रोहिणी म्हणाली. "घाई असते म्हणून न्हाय. मला पळायचं असतं. दिवसभरात माझ्यासाठी तेवढंच असतं. घरात इतकं काम पडलेलं, कुठल्या तोंडानं सांगू?"

आबांनी एक दाणा बोटावर घेतला, जिभेवर ठेवला. मग डोक्यावरची टोपी काढली आणि रांगेकडे वळून म्हणाले, "ऐका रं. माझं चुकलं. सुनेला नको ते बोललो मी. आमची सून काय चोरत न्हाय. तिला पळायची आवड हाय." मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "उद्यापासनं दूध मी आणतो, गाडीवरनं. तू पळ."

माझा ऊर भरून आला. आणि त्याच वेळी धस्स झालं. दूध गाडीवर, रोहिणी पायांवर, मग मी कुठं?

दुसऱ्या दिवशी आबांनी नवीन छोटा कॅन गाडीला बांधून नेला. रोहिणी बूट घालून उंबऱ्यात उभी. हात मोकळे. चार पावलं गेली, परत आली. खुंटीवरून मला काढलं, रिकामीच, आणि निघाली.

"रिकामी किटली घेऊन कुठं?" काठी टेकत दारात आलेल्या विजयमालाबाईंनी विचारलं.

"हातात काय नसलं की लोक विचारतात, आत्या."

"विचारू दे. सांगायचं, पळाय चाललीया म्हणून." त्यांनी मला तिच्या हातातून काढून घेतलं. "गुडघा गेल्यावर कळलं मला, पाय काय असतात ते. तुझं चालत्यात तवर पळ. जा."

ती गेली. मोकळे हात आधी तिला कुठं ठेवावेत कळेना, मग आपोआप हलायला लागले. मी दारातून बघत होते. वाईट वाटलं का? वाटलं. इतकी वर्षं ज्या वाटेनं गेले, तिथून पहिल्यांदाच कुणीतरी मला सोडून पुढं गेलं.

आता मी खुंटीवरच असते. कधी छकुली काढते आणि मला घेऊन अंगणात फेऱ्या मारते. बाकी पहाट झाली की माझी चुळबुळ सुरू. रोहिणी उठली का? बूट घातले का? रोज जातेच असं नाही हो. पाहुणे येतात, छकुलीला ताप येतो, युवराजची शिफ्ट बदलते. मागच्या आठवड्यात तीन दिवस खाडा झाला आणि चौथ्या पहाटे अंथरुणातूनच आवाज आला, "जाऊ दे. सोमवारपासनं."

पुन्हा 'पासनं'! माझं टाळकं सरकलं. वारा होता थोडा, बाकी जोर मी लावला. खुंटीवरून सुटले आणि फरशीवर धाडकन आपटले. झाकण घरंगळत तिच्या खाटेपाशी जाऊन फिरत राहिलं. युवराज दचकून उठला, म्हैस हंबरली, विजयमालाबाई ओरडल्या, "अगं, काय झालं?"

"काय न्हाय आत्या, किटली पडली," रोहिणी म्हणाली. तिनं मला उचललं, पोचा पडला तिथं हात फिरवला, खुंटीवर ठेवलं. मग खाटेखालून बूट ओढले.

माझं आता एवढंच मागणं आहे. पहाटे कॅनॉलच्या कडेला एखादी बाई मोकळ्या हातांनी पळताना दिसली, तर काय झालं म्हणून विचारू नका. तिला वाट द्या. आणि ती चार दिवस दिसली नाही, तर मात्र जरूर विचारा.