टोकन नंबर सात

दर शनिवारी संध्याकाळी पाच ते सात, चर्चच्या मागच्या खोलीत, चष्मेकाका दया वाटत. तीही शिस्तीत, पुठ्ठ्याचं टोकन देऊन. टोकनाची कल्पना त्यांचीच. देवाची दया अपार असली, तरी खुर्ची एकच होती.

आठवडाभर चष्म्याचं दुकान आणि शनिवारी हे पुण्यकर्म. समोरच्याला ओशाळं वाटू नये म्हणून काका स्वतःचा चष्मा काढून टेबलावर ठेवत. नंबर वजा सात. चष्मा उतरला की समोरचा माणूस म्हणजे नुसता बोलका धुरळा. त्या धुरळ्याला ते मायेनं विचारत, "काय झालं, बाळ?" मग ते बाळ साठीचं का असेना. दारुडे आले, बायकोला टाकणारे आले. एकदा तर त्यांच्याच दुकानातल्या फ्रेमा लांबवणारा आला. काकांनी त्याला छातीशी धरलं, वर वाचायचा चष्मा फुकट दिला. मंडळीत बोलबाला झाला, बाप असावा तर असा!

घरात मात्र हा बाप थोरल्या लेकीशी पाच आठवडे मुका होता. थोरलीनं न विचारता नर्सिंगचं कॉलेज सोडलं होतं आणि ती लिफ्ट दुरुस्तीचं काम शिकत होती. काकांनी तर चर्चच्या व्यासपीठावरून सांगून टाकलं होतं, "माझी लेक रुग्णांची सेवा करणार." आता ते शब्द कुठल्या तोंडानं गिळायचे? म्हणून तोंडच बंद.

"तिला सांग, मीठ दे," ते बायकोला म्हणत. मिठाची बाटली थोरलीच्या हातात, थोरली शेजारच्याच खुर्चीत.

"मी काय टपालखातं आहे?" बायको फणकारायची. "परक्याच्या शेतात पाट सोडता, अन् घरचं रोप उन्हात!"

थोरलीला दुसऱ्या शहरात काम मिळालं. रविवारी सकाळी निघायचं होतं. डोक्यावर बापाचा हात घेतल्याशिवाय ती कधी साध्या परीक्षेलाही गेली नव्हती. शनिवारी ती मुकाट्यानं चर्चमागच्या रांगेत जाऊन बसली. टोकन नंबर सात.

"काय झालं, बाळ?"

"काका, मी बापाला न विचारता कॉलेज सोडलं."

आवाज ओळखीचा निघाला आणि काका ताठ झाले. हात टेबलभर चाचपडला. चष्मा थोरलीनं आधीच आपल्याकडे ओढला होता.

"चष्मा दे इकडे!"

"अय्या, बोललात की!"

"इथे घरचे विषय घेत नाहीत," काका कुजबुजले.

दारातून आठ नंबरच्या म्हातारीनं मान आत घातली. "म्हणजे? आमचे विषय काय बाजारातून आणलेत?"

रांगेत खसखस पिकली. काकांनी घसा खाकरला आणि नेहमीचा मऊ सूर लावला, "देवानं तुला माफ केलंय, बाळ."

"देवाशी माझं रोज बोलणं होतं, पप्पा. अडलंय ते तुमच्यापाशी."

नेहमीचा सूर सोडून काकांनी विचारलं, "का सोडलंस?"

"रक्त बघून तीनदा पडले. तिसऱ्यांदा तर पेशंटनंच उठून मला पाणी पाजलं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही व्यासपीठावर होतात."

हे सांगताना तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्तच लागलं. तिनं चष्मा पुढे केला. काकांनी तो डोळ्यांवर चढवला. पाच आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांना लेक नीट दिसली. नखांत काळं ग्रीस, अंगठ्यावर चिकटपट्टी, आणि हनुवटी त्यांच्यासारखीच हट्टी. परक्यांसाठी घडी घालून ठेवलेली सगळी गोड वाक्यं त्यांनी आठवून पाहिली. एकही हिच्या मापाचं निघेना. डोळ्यांत पाणीही येईना. नुसता हात उठला, अर्ध्यावर अडखळला, आणि अवघडल्यासारखा तिच्या केसांवर पडला.

"बस किती वाजता?"

"सहाला."

"झालं का?" म्हातारीनं विचारलं. "का आम्ही उद्या येऊ?"

"थांबा हो आजी, तिचं अजून व्हायचंय," काका खेकसले. दया वाटायच्या खोलीत ते आजवर कुणावर खेकसले नव्हते. मग थोरलीकडे वळून हळूच म्हणाले, "सोडायला येतो मी. साडेपाचला हाक मार. नाही उठलो, तर पांघरूण ओढ."